बाहेरून आत

घरात बसून जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातलं यंत्र गाठता येतं. दुसऱ्या खंडातल्या ग्रंथालयाची सूची डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच समोर उघडते. पण घरापासून लांब गेल्यावर आपल्याच टेबलावरचा संगणक गाठायचा म्हटलं, की तो सापडत नाही. तार तीच, यंत्रं तीच, फक्त दिशा उलटी. दिशा उलटली की नेमकं काय अडतं, हे समजून घेण्यात माझ्या बऱ्याच संध्याकाळी गेल्या आणि त्या मला मनापासून आवडल्या.

निमित्त बाबांच्या ध्वनिमुद्रणांचं. जुन्या टेपांवरची भाषणं, मुलाखती, घरातल्या माणसांचे आवाज त्यांनी चिकाटीने संगणकावर उतरवून ठेवले. त्यांना नावं लावायची, खरखर काढायची, हे काम आता माझ्याकडे आलं आहे आणि मी राहते दूर. घरच्या इंटरनेटला फायली खाली उतरवून घ्यायचा वेग भरपूर, वर चढवायचा मात्र बेताचा. सगळा साठा कुठेतरी चढवून ठेवायचा तर त्या जोडणीचा दम निघाला असता. म्हणून ठरवलं, की फायली आहेत तिथेच राहू द्यायच्या आणि आपण दुरून त्या संगणकावर बसायचं. घरी ताई असते, आणि या सगळ्या शोधात तिचे डोळे आणि हात माझ्याइतकेच कामाला लागले.

दिशेचं हे कोडं समजायला थोडं मागे जावं लागतं. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता हवा, हे १९८१ साली पक्कं झालं तेव्हा पत्त्यासाठी ३२ बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३२ आकड्यांची, जागा ठेवली गेली. त्यातून साधारण ४३० कोटी पत्ते निघतात. त्या काळच्या मोजक्या संगणकांसाठी ते अफाट होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत लक्षात आलं, की हे पुरणार नाहीत. १९९४ मध्ये एक तोड सुचवली गेली : घरातल्या किंवा कचेरीतल्या सगळ्या यंत्रांनी मिळून बाहेरचा एकच पत्ता वापरायचा आणि आत आपापले खासगी पत्ते ठेवायचे. हिलाच नॅट म्हणतात. सुचवणाऱ्यांनी स्वतःच तिला अल्पकाळाचा उपाय म्हटलं होतं. १९९६ मध्ये खासगी पत्त्यांचे पट्टे आज आहेत तसे ठरले. घरोघरच्या राउटरवर दिसणारे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते, तसेच १० ने सुरू होणारे, हे त्यातलेच. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटून संपले आणि अल्पकाळाचा तो उपाय कायमचा होऊन बसला.

राउटर करतो काय, तर नोंद ठेवतो. माझ्या संगणकाने बाहेर काही मागितलं, की कुणी, कुठल्या पोर्टवरून (यंत्रावरच्या वेगवेगळ्या कामांना दिलेल्या दाराच्या क्रमांकावरून), कुणाकडे मागितलं हे तो टिपून घेतो. उत्तर आलं की नोंद बघून ते बरोबर त्या यंत्राकडे पोचवतो. नोंद काही वेळ वापरली गेली नाही तर पुसून टाकतो. आता बाहेरून कुणी आपण होऊन दार ठोठावलं, तर त्या मागणीची नोंदच नसते. आत संगणक आहे, दोन फोन आहेत, टीव्ही आहे. आलेलं हे पाकीट, म्हणजे माहितीचा हा तुकडा, यांपैकी कुणाचं, हे राउटरला ठरवता येत नाही. तो ते टाकून देतो. यात त्याची आडमुठी भूमिका नाही. त्याला खरोखरच माहीत नसतं. हे एकदा मनात नीट बसलं की पोर्ट फॉरवर्डिंगची सेटिंग गूढ राहत नाही. अमुक पोर्टवर जे येईल ते तमुक खासगी पत्त्याकडे दे, अशी कायमची नोंद आपण आपल्या हाताने करून ठेवतो, एवढाच त्याचा अर्थ.

पण ही नोंद करण्याच्या आधी बरंच बघायचं असतं आणि बहुतेक लोक इथेच घाई करतात. माझा आग्रह असा, की शोध आतून सुरू करावा. आधी संगणक, मग घरातलं जाळं, मग राउटर, मग मोडेम (कंपनीची तार घरात जिथे येते ती डबी), मग इंटरनेट देणारी कंपनी. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावायचा नाही, आणि एका वेळी एकच बदल. दोन सेटिंग एकदम बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर कशामुळे झाली ते कळत नाही. बंद पडली तर त्याहून वाईट.

मी ताईला फोन लावला. पहिलं काम तिच्याच हातून होणार होतं. घरातल्याच वायफायवर तिचा लॅपटॉप आहे, त्यावरून बाबांच्या संगणकाशी जोडून बघायचं. घरातल्या घरात जे जुळत नाही ते बाहेरून जुळण्याचा प्रश्नच येत नाही. ही चाचणी दिसायला क्षुल्लक आहे, पण ती निम्मी शक्यता एका फटक्यात बाजूला करते.

या पायरीवर अडण्याची कारणं नेहमीची आहेत. विंडोजच्या होम आवृत्तीत दुसऱ्या संगणकाकडे जायची सोय आहे, पण आपला पडदा दुसऱ्याला रिमोट डेस्कटॉपने (दुरून संगणक चालवण्याच्या विंडोजच्याच साधनाने) देण्याची सोय नाही; त्यासाठी प्रो लागते. कधी विंडोजने घरच्या जाळ्याला सार्वजनिक समजून फायरवॉल, म्हणजे नको ती जोडणी अडवणारा पहारा, कडक केलेली असते. कधी संगणक अर्ध्या तासाने झोपी जातो आणि आपण निष्कारण राउटरला दोष देत बसतो. सगळ्यात चकवणारं कारण म्हणजे संगणकाचा खासगी पत्ताच बदलणं. राउटर हे पत्ते ठरावीक मुदतीने वाटतो. वीज जाऊन आली, यंत्रं वेगळ्या क्रमाने सुरू झाली, की कालपर्यंत संगणकाचा असलेला पत्ता आज टीव्हीला मिळू शकतो आणि आपली पोर्ट फॉरवर्डिंगची नोंद इमानाने टीव्हीकडे बोट दाखवत राहते. म्हणून राउटरमध्ये त्या संगणकाचा पत्ता आधी राखून ठेवायचा.

ताई म्हणाली, "इथून तर उघडतोय. बाबांचं टेबल दिसतंय मला, त्यांच्या सगळ्या फोल्डरांसकट." पहिली पायरी पक्की झाली.

फोनवर असं एकमेकींना विचारत काम करताना मला राहून राहून २९ ऑक्टोबर १९६९ ची रात्र आठवत होती. ज्या जाळ्यातून पुढे इंटरनेट घडलं, त्यावरचा पहिला प्रयोगच मुळी दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याचा होता. लॉस अँजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन एकेक अक्षर टाइप करत होते आणि पलीकडे स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत बिल ड्यूव्हॉल होते. अक्षर पोचलं का, हे दोघं एकमेकांना टेलिफोनवर विचारत होते. एल पोचलं, ओ पोचलं आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. तासाभराने दुरुस्ती करून पुन्हा जोडलं तेव्हा जमलं. दूरचं यंत्र गाठणं हे या जाळ्याचं पहिलंवहिलं काम होतं, आणि ते गाठताना पलीकडे फोनवर एक माणूस लागलं होतं. इतक्या वर्षांनी मी आणि ताई तेच करत होतो, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पुढची पायरी बाहेरून. इथे एक सापळा आहे. राउटरमध्ये नोंद केली आणि घरातल्याच वायफायवरून बाहेरचा पत्ता टाकून बघितलं, तर पुष्कळदा जुळत नाही, आणि लोक नोंदच चुकली म्हणून ती खोडतात. आतून निघून बाहेरच्या पत्त्याला वळसा घालून पुन्हा आत येणं हे सगळ्याच राउटरांना जमत नाही. बाहेरची चाचणी खरोखर बाहेरूनच करायची : फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून, किंवा माझ्यासारखं दूर बसून.

मी बाहेरून प्रयत्न केला तेव्हा काहीच झालं नाही. हे 'काहीच नाही' नीट ऐकावं लागतं. खोल विहिरीत दगड टाकून कान द्यावा, तसं. पाण्याचा आवाज येतो, कोरड्या तळाचा येतो, किंवा काहीच येत नाही. जोडणी नाकारली असा निरोप लगेच आला, तर ती उत्तम बातमी आहे. पाकीट कुठल्यातरी जिवंत यंत्रापर्यंत पोचलं आणि त्या यंत्राने स्पष्ट सांगितलं, की या पोर्टवर इथे कुणी ऐकत नाही. म्हणजे वाट बहुधा खुली आहे. सेवा बंद असेल, पोर्टचा आकडा चुकला असेल किंवा नोंद भलत्या यंत्राकडे गेली असेल. उलट बराच वेळ वाट बघून मुदत संपल्याचा निरोप आला, तर पाकीट वाटेत कुणीतरी न बोलता टाकून दिलं. हे फायरवॉलचं किंवा नॅटचं लक्षण. चुकीच्या पासवर्डाचा निरोप तर सगळ्यात आनंदाचा, कारण आपण थेट दारात उभे असतो. या निरोपांकडे लोक नुसतं 'एरर आली' म्हणून बघतात आणि खिडकी बंद करतात, याची मला हळहळ वाटते. त्या एका ओळीत शोधाची दिशा लिहिलेली असते.

माझ्या वाट्याला शांतता आली होती, म्हणजे वाटेत कुणीतरी टाकत होतं. मी ताईला राउटरच्या पानावर जायला सांगितलं. "राउटरला बाहेरच्या बाजूने कुठला पत्ता मिळालाय, ते वाच." तिने वाचला : १९२.१६८ ने सुरू होणारा.

म्हणजे राउटरच्या बाहेर अजून इंटरनेट नव्हतंच. बाहेर होता मोडेम, आणि तो स्वतःच राउटरचंही काम करत होता. कंपनीने दिलेल्या मोडेमच्या डबीत हल्ली राउटर असतोच. आपण वायफाय चांगलं मिळावं म्हणून त्याच्यामागे स्वतःचा राउटर जोडतो आणि एकामागे एक दोन नॅट उभे राहतात. घरातून बाहेर बघताना यातलं काहीच जाणवत नाही, कारण दोघंही आपापल्या नोंदी नीट ठेवतात. बाहेरून येणारं पाकीट मात्र आधी मोडेमच्या दारात अडतं. मोडेमला आमच्या राउटरमधल्या नोंदीची काही कल्पना नसते.

यावर सरळ उपाय म्हणजे मोडेमला ब्रिज मोडमध्ये टाकायचं. मग तो फक्त तारेवरचा संकेत आपल्याला समजेल असा करून पुढे देतो, आणि बाहेरचा पत्ता थेट आपल्या राउटरला मिळतो. हे काम मी दुरून करणार नव्हते. ज्या वाटेवरून आपण बोलतोय तीच वाट आपण उखडणार असलो, तर घरच्या माणसाच्या हातात फोन हवा आणि तो फोन मोबाइल डेटावर हवा. ताई मोडेमपुढे स्टूल घेऊन बसली. कुठली वायर कुठल्या भोकात, कुठला दिवा हिरवा, कुठला लुकलुकतोय, हे ती इतकं नेमकं सांगत होती, की मला ते टेबल डोळ्यांनी दिसू लागलं. "तिसरा दिवा लाल आहे… थांब, विझला… आता हिरवा झाला." दुरून दुरुस्ती करताना असं शांतपणे जे दिसतं तेच सांगणारं माणूस पलीकडे असणं हे कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचं आहे.

ब्रिज मोड लागला. राउटरला बाहेरच्या बाजूने नवा पत्ता मिळाला. ताईने तो वाचला आणि पुढचा उलगडा तिथेच झाला. पत्ता १०० ने सुरू होत होता आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला होता.

हा पट्टा २०१२ मध्ये खास इंटरनेट कंपन्यांसाठी राखून ठेवला गेला. घरातल्या यंत्रांनी जे एका पत्त्यामागे केलं, तेच कंपनी आपल्या ग्राहकांचं करते : कितीतरी घरं मिळून बाहेरचा एकच पत्ता वापरतात. आमचे दोन नॅट काढून एक केला, तर त्याच्यापलीकडे तिसरा उभा होता, आणि तो आमच्या घरात नव्हताच. त्याच्या नोंदवहीत आम्हाला काही लिहिता येणार नाही. राउटरमधली कुठलीही सेटिंग इथे कामाची नाही. ठरावीक नावाला बदलता पत्ता जोडून देणाऱ्या सेवाही नाहीत, कारण त्या ज्या पत्त्याकडे बोट दाखवतील तो आपल्या एकट्याचा नाही.

या एका गोष्टीबद्दल मी वाटेल त्याला थांबवून सांगायला तयार आहे. पोर्ट फॉरवर्डिंगचं पान उघडण्याच्या आधी दोन आकडे शेजारी ठेवा : राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या एखाद्या पानावर दिसणारा पत्ता. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तरच पुढे जा. वेगळे असतील, तर मध्ये आणखी कुणीतरी आहे. मिनिटभराची ही तपासणी. ती न केल्यामुळे माणसं रात्ररात्र फायरवॉल बंद-चालू करतात, चांगला राउटर फेकून नवा आणतात, शेवटी आपल्याला हे कळण्यातलं नाही असं मानून सोडून देतात. त्यांची समज कमी नसते. त्यांना एक माहिती कुणी दिलेली नसते. जोडणी देताना कंपनीने ग्राहकाला हे एका वाक्यात सांगायला हवं, असं मला ठाम वाटतं. आमच्या कंपनीला फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसाने अदबीने, पण पुन्हा पुन्हा, मोडेम बंद करून चालू करायला सांगितलं. तिसऱ्या नॅटचं नाव मी काढेपर्यंत ते कुणी काढलं नाही.

पुढे वाटा तीन. कंपनीकडून स्वतःचा सार्वजनिक पत्ता मागायचा. काही देतात, काही वेगळे पैसे घेऊन देतात. दुसरी वाट आयपीव्ही६. १९९८ मध्ये प्रमाण म्हणून मांडल्या गेलेल्या या पद्धतीत पत्त्याला १२८ बिट आहेत, त्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्राला जगात एकमेव असा पत्ता देता येतो आणि नॅटची गरजच राहत नाही. दिशेचं कोडं मुळातून सोडवणारं उत्तर हेच. पण ते दोन्ही टोकांना चालू असावं लागतं, आणि मी जिथे राहते तिथे ते नाही.

म्हणून तिसरी वाट. बाहेरून आत जाता येत नसेल, तर आतल्याने आधी बाहेर यावं. घरातला संगणक स्वतः बाहेरच्या एका सार्वजनिक पत्त्याच्या यंत्राशी जोडून घेतो, मीही माझ्याकडून त्याच यंत्राशी जोडते आणि मधून एक कूटबद्ध बोगदा तयार होतो. आम्ही दोघंही बाहेरच जातोय, त्यामुळे वाटेतल्या साऱ्या नॅटना हे रोजचंच वाटतं. त्यासाठी मी वायरगार्ड हे असे बोगदे लावणारं सॉफ्टवेअर निवडलं. मार्च २०२० मध्ये ते लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्यात सामील झालं. विंडोजवर आणि फोनवरही चालतं. त्यातली एक छोटी सेटिंग मला फार आवडते. नॅटमधली न वापरलेली नोंद पुसली जाते, हे वर आलंच आहे. ती पुसली जाऊ नये म्हणून घरचा संगणक दर २५ सेकंदांनी एक अगदी लहान पाकीट बाहेर पाठवतो. ही सेटिंग आपोआप चालू नसते, हाताने लिहावी लागते. ती विसरली तर बोगदा लावल्यावर सुंदर चालतो आणि थोडा वेळ गप्प बसलो की बाहेरून उघडेनासा होतो.

मधलं यंत्र फक्त ओळख करून द्यायला वापरून दोन टोकांना थेट जोडण्याचीही युक्ती आहे. दोघांनी एकाच सुमाराला एकमेकांच्या बाहेरच्या पत्त्याकडे पाकिटं सोडायची. दोन्हीकडच्या नॅटमध्ये नोंद तयार होते आणि समोरून आलेलं पाकीट उत्तर समजून आत घेतलं जातं. तयार मिळणारी बरीच साधनं हेच करतात. काही नॅट समोरचा बदलला की पोर्टही बदलतात, तिथे ते जमत नाही आणि सगळी रहदारी मधल्या यंत्रावरूनच न्यावी लागते.

सार्वजनिक पत्ता मिळाला असता, तरी मी रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ हे पोर्ट जगाला उघडं ठेवलं नसतं. सगळ्या पत्त्यांवर सगळी पोर्टं ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम अखंड चालू असतात. पोर्टाचा आकडा बदलल्याने ते थोडे उशिरा येतात इतकंच, कारण पोर्टांचे आकडे ६५५३५ पर्यंतच आहेत. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये असा दोष सापडला, की पासवर्ड न देताच बाहेरच्याला जुन्या विंडोजमध्ये शिरता यावं. मायक्रोसॉफ्टने तेव्हा पाठिंबा केव्हाच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली, यावरून त्याची गंभीरता कळावी. वायरगार्डला ओळखीची किल्ली दाखवली नाही तर तो उत्तरच देत नाही. ठोठावणाऱ्याला तिथे दार आहे हेही कळत नाही. आम्हाला त्रास देणारी तीच शांतता इथे आपलं रक्षण करते.

बोगदा लागल्यावर बाबांच्या संगणकाचा पडदा माझ्यासमोर उघडला. चित्र जरा रेंगाळतं, कारण घरचा चढवण्याचा वेग बेताचा आहे. रंग कमी केले, मागचं चित्र काढलं, की काम भागतं. आवाज ऐकायचा तर ती एक फाइल इकडे घेते, स्वच्छ करते आणि परत ठेवते.

उरलेलं काम कमी चमकदार आहे, पण ते केल्याशिवाय बाकीचं टिकत नाही. वीज येताच संगणक आपोआप सुरू व्हावा, हे बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, ठरवून घेतलं. बोगदा लॉगिनची वाट न बघता सेवा म्हणून सुरू होतो, हे ताईकडून संगणक बंद-चालू करवून तपासलं. मोडेम आणि राउटर यांच्यावर ठळक नावाच्या चिठ्ठ्या लावल्या, वायरींच्या टोकांनाही. राउटरच्या सेटिंगची फाइल काढून दोन ठिकाणी ठेवली.

आणि ताईने आपल्या हाताने लिहून राउटरशेजारी एक कागद चिकटवला आहे. नेट गेलं तर आधी मोडेम चालू करायचा, तिसरा दिवा हिरवा होईपर्यंत थांबायचं, मग राउटर. मागच्या रीसेटच्या बारीक भोकात काही घालायचं नाही, त्याने ब्रिज मोडसकट सगळं पुसलं जातं. खाली माझा नंबर आहे.